इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी रोजच्या वापरात कशी सांभाळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात इलेक्ट्रिक गाडी चालवतोय त्याला पाच वर्षं झाली. सोसायटीतली पहिली गाडी माझीच. त्यामुळे पुढे ज्यांनी ज्यांनी घेतली, ते आधी माझ्याकडे चौकशी करून गेले. पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, आणि एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत विचारलेले हे प्रश्न आहेत. बहुतेक शंकांच्या मुळाशी घरातला इन्व्हर्टर नाहीतर जुना मोबाइल असतो, हे मला हळूहळू कळत गेलं. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीला कायम भरलेलं राहायला आवडतं. गाडीतल्या लिथियम बॅटरीला ते आवडत नाही. खालच्या निम्म्या उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

एक शब्द आधीच सांगतो. बॅटरीचा आकार किलोवॉट-तासांत देतात. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट, म्हणून मी सरळ युनिटच म्हणणार आहे.

रोज १०० टक्के चार्ज करायची की ८० ला थांबायचं?

गाडीत कोणत्या जातीचे सेल आहेत त्यावर ते ठरतं. आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती असतात. एक एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्टवाली. दुसरी एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली.

एनएमसी असेल तर रोजच्यासाठी ८० टक्के पुरे. लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री १०० करा. पूर्ण भरलेल्या एनएमसी सेलचा व्होल्टेज ४.२ च्या आसपास जातो आणि त्या ताणाखाली आतली रसायनं नको त्या प्रक्रिया करत राहतात. शंभरला नेऊन तासाभरात निघालात तर काही बिघडत नाही. शंभर करून दोन दिवस उन्हात उभी ठेवली तर बिघडतं.

एलएफपीचं थोडं वेगळं आहे. तिला शंभर टक्के जास्त सोसतात आणि मधूनमधून शंभर करणं गरजेचंही असतं. एलएफपी सेलचा व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जेमतेम एक दशांश व्होल्टने हलतो. त्यामुळे बॅटरी नक्की किती भरली आहे, हे गाडीच्या कॉम्प्युटरला व्होल्टेजवरून कळत नाही. तो आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजत राहतो आणि रोज थोडा थोडा चुकत जातो. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज एकदम वर चढतो. ‘हे शंभर’ अशी खूण मिळते आणि हिशेब जुळतो. ही खूण बरेच दिवस मिळाली नाही, तर १२ टक्के दाखवणारी गाडी अचानक ४ वर येते आणि आपण घामाघूम होतो.

बॅटरीत साधारण शंभर सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला सर्वांत कमकुवत सेल थकला की सगळ्यांना थांबावं लागतं. या सेलना एका पातळीवर आणायचं काम बहुतेक गाड्यांत चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात होतं. म्हणून एलएफपीवाल्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, घरच्या स्लो चार्जरवर, गाडी आपणहून थांबेपर्यंत चार्ज करावं. ‘१०० दिसलं, काढा प्लग’ असं करू नका. अर्धा-पाऊण तास तशीच लावून ठेवा.

माझी गाडी एलएफपीची आहे आणि रोजचं फिरणं ३०-३५ किलोमीटर. मी आठवड्यातून दोनदा लावतो. बुधवारी ७०-८० पर्यंत, शनिवारी रात्री शंभर. रविवारी सकाळी मंडईत जाऊन आलो की ती पुन्हा नव्वदीत येते.

जाता जाता, एलएफपी हा पदार्थ बॅटरीत वापरता येतो हे दाखवणारा १९९७ चा शोधनिबंध अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून निघाला. त्याच्या लेखकांत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोघं भारतीय होते. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. बाकी दोन नावं मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

माझ्या गाडीत कुठली बॅटरी आहे, हे कसं कळणार?

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला मेल करून लेखी विचारा. शोरूममधल्या विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. मला एकाच शोरूममध्ये दोघांनी दोन उत्तरं दिली होती. ढोबळ अंदाज हवा असेल तर टियागो, विंडसर, कॉमेट आणि बीवायडीच्या गाड्यांत एलएफपी आहे. पण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत सेल बदललेले असू शकतात. त्यामुळे आपल्या गाडीपुरती खात्री करून घ्या.

चार्जिंगची वायर कायम लावूनच ठेवली तर काय होतं? इन्व्हर्टर असतोच की!

शिसे-आम्ल बॅटरी अर्धी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. म्हणून तिला भरलेली ठेवायची आणि पाणी घालायचं. हे आपल्या हाडांत मुरलेलं आहे. लिथियमचा आवडता पट्टा मधला, २० ते ८० टक्के. निव्वळ उभी राहूनही ती म्हातारी होत असते आणि भरलेली असली, वर गरम असली की वेगाने होते.

रात्रभर चार्जिंगला लावून झोपायला हरकत नाही. भरल्यावर गाडी वीज घेणं थांबवते. वायरिंग मात्र धड हवं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. गाडीत किंवा ॲपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवायची सोय असेल तर ती वापरा. रात्री नऊला लावलेली गाडी पहाटे दोनला भरून सकाळपर्यंत तशीच उभी राहण्यापेक्षा सहाला भरली आणि आठला निघाली, हे केव्हाही बरं. शिवाय रात्री उशिरा बॅटरी आणि हवा दोन्ही थंड असतात.

पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी ना?

अजिबात नको. ही निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली सवय आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट वापराची ‘आठवण’ राहायची. लिथियमला तसं काही नसतं. ३५ टक्क्यांवर लावा, ५५ वर लावा, दहा मिनिटं लावून काढा, काही होत नाही. उलट वारंवार पाच टक्क्यांच्या खाली नेणं वाईट. शून्यावर आलेली गाडी चार दिवस तशीच सोडून देणं तर सर्वांत वाईट. कधी नाइलाजाने तीन-चार टक्क्यांवर घरी पोचलात, तर जेवण नंतर करा, गाडी आधी लावा.

फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते का?

रोज तेच केलं तर थोडी लवकर जाते. महिन्या-दोन महिन्यांतून प्रवासात केलं तर त्याची चिंता नको.

आत काय घडतं ते समजायला दादरचं स्टेशन डोळ्यांपुढे आणा. लोकल रिकामी असते तेव्हा माणसं धाडधाड आत शिरतात आणि जागा पकडतात. डबा भरत आला की एकेकाला सरकून जागा करावी लागते. त्या वेळी मागून रेटा वाढवला तर लोक दारातच अडकतात. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या डब्यात असेच शिरत असतात. म्हणून फास्ट चार्जर २० टक्क्यांवर जोरात वीज ओततो आणि ८० नंतर हात आखडता घेतो. ८० ते १०० ला अनेकदा २० ते ८० इतकाच वेळ लागतो. हायवेवर मागे रांग असताना शंभरपर्यंत थांबणारे लोक स्वतःचा वेळ घालवतात आणि मागच्यांच्या शिव्याही खातात. ८० ला निघा, पुढच्या चार्जरवर पुन्हा थांबा.

घरी चार्जिंगची सोय नाही आणि सगळी भिस्त सार्वजनिक फास्ट चार्जरवर आहे, असं असेल तर? गाडी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. सक्रिय थंडाव्याची, म्हणजे कूलंट फिरवून बॅटरी गार ठेवणारी गाडी घ्या आणि महिन्यातून एकदा तरी स्लो चार्जरवर पूर्ण भरायची व्यवस्था बघा. ऑफिसमध्ये, मॉलमध्ये, सासरी, कुठेही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

उन्हाळ्यात काळजी जरा जास्तच घ्या, कारण बॅटरीचा खरा शत्रू उष्णताच आहे. साधारण १५ ते ३५ अंशांत तिला बरं वाटतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि डांबरी रस्त्याजवळ त्याहून जास्त तापतं. बॅटरी तर रस्त्याच्या अगदी वर, गाडीच्या पोटाखालीच असते.

उष्णतेने काय होतं याचा धडा अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१२ मध्येच मिळाला. निसानच्या पहिल्या पिढीच्या लीफ गाडीत बॅटरी थंड करणारी सक्रिय यंत्रणा नव्हती. फिनिक्सच्या रणरणत्या उन्हात काही मालकांच्या गाड्यांत बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्यांपैकी काही पट्ट्या वर्ष-दोन वर्षांतच गळायला लागल्या. थंड गावांतल्या त्याच गाड्या ठणठणीत होत्या. पुढे कंपनीने उष्णता सोसणारे सेल आणले.

आता आपलं. माझं सासर अकोल्याचं. पहिल्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी मोठ्या प्रेमाने गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावून घेतली. दुपारी शेडखाली हात घातला तर बाहेरच्याइतकीच धग, वर वारा नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली गेली. चिमण्यांनी काच रंगवली, पण सावली खरी होती. पत्र्याखाली लावावीच लागली तर निदान चारी बाजूंनी हवा खेळू द्या.

भर दुपारी हायवेवरून आल्या आल्या घरचं चार्जिंग लावायची घाई करू नका. बॅटरी आधीच तापलेली असते. तास-दोन तास जाऊ द्या किंवा सरळ रात्री लावा. प्रवासात फास्ट चार्जरवर हा सल्ला व्यवहार्य नाही, तिथे गाडीची यंत्रणाच वेग कमी करून सांभाळून घेते. ४५ अंशांत चार्जिंगचा वेग निम्म्यावर आला तर चार्जरला दोष देऊ नका.

चार्जिंगला लावलेली गाडी बंद असूनही बोनेटखालून घुर्र आवाज येतो, हेही उन्हाळ्यात हमखास विचारलं जातं. पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसर बॅटरी गार करत असतात. घाबरून प्लग काढू नका. आणि कूलंटची पातळी कमी दिसली तर नळाचं पाणी ओतू नका, कंपनीने सांगितलेलंच कूलंट भरून घ्या.

थंडीत?

निफाडला पारा पाचाच्या खाली आला तरी आपल्याकडच्या थंडीत बॅटरीचं काही बिघडत नाही. सकाळी रेंज थोडी कमी दिसेल आणि ब्रेकिंगमधून परत मिळणारी वीज, म्हणजे गाडी मंदावताना मोटर उलटी बनवते ती, कमी होईल, एवढंच. शून्याखालचं तापमान मात्र वेगळं. तेव्हा आयन डब्यात शिरायला इतके मंद होतात की रेटून चार्ज केलं तर बाहेरच धातू होऊन साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. गाडी घेऊन लडाखला चालला असाल तर मुक्कामी पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असतानाच चार्ज करा. अकोल्याच्या बरोब्बर उलट.

पावसात चार्ज केलं तर शॉक बसेल का? पुरात गाडी बुडाली तर?

पावसात चार्जिंग चालतं. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलून सगळं ठीक असल्याची खात्री करतात, मगच वीज सुरू होते. फक्त घरचं सॉकेट आणि पोर्टेबल चार्जरचा डबा कोरड्या जागी हवा. तो डबा जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका, खिळ्याला अडकवा.

बहुतेक कंपन्या आयपी ६७ दर्जाची बॅटरी देतात. चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकलेली असते. पण ती चाचणी नव्या बॅटरीवर, स्वच्छ पाण्यात होते. चार वर्षं खड्डे खाल्लेल्या गाडीचं सील आणि पुराचं गाळपाणी हे प्रकरण वेगळं. म्हणून चाकाच्या अर्ध्याहून जास्त पाणी असलेल्या रस्त्यात मी गाडी घालत नाही.

गाडी पार्किंगमध्ये बुडून राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर ती चालू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. ‘बघू तरी चालतेय का’ हा मोह महाग पडतो. इमारतीपासून, दुसऱ्या गाड्यांपासून दूर, मोकळ्यावर काढून घ्या, पण ढकलताना नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका. त्या उच्च दाबाच्या असतात. विमा कंपनीला कळवा आणि चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरून न्या. किनाऱ्यालगत खारं पाणी गेलं असेल तर जास्तच सावध राहा. मीठ आत राहून गंजाचं आणि शॉर्टसर्किटचं काम आठवड्यांनीही करू शकतं.

घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रोज चार्ज केलं तर चालेल का?

बॅटरीच्या दृष्टीने ते उत्तमच. हळू चार्जिंग, कमी उष्णता. धोका बॅटरीला नसून सॉकेटला आहे.

गीझरलाही तेच सॉकेट असतं, मग काय झालं, असं लोक म्हणतात. गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी सलग आठ-दहा तास तेवढीच वीज ओढते. धाकट्या भावाच्या भाड्याच्या घरात आम्ही गणपतीत चार दिवस गाडी लावली होती. तिसऱ्या दिवशी प्लग काढायला गेलो तर तो हाताला चटका बसेल इतका तापलेला, सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी कडं आलेलं आणि जळक्या बेकलाइटचा वास. आतला स्क्रू सैल होता, एवढंच कारण.

त्यामुळे गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःची एमसीबी, गळती ओळखून बंद होणारी आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. सॉकेट चांगल्या कंपनीचं, औद्योगिक प्रकारचं असेल तर उत्तम. एक्स्टेन्शन बोर्ड नको. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून सोडलेली वायर तर नकोच नको. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करा.

अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर सुरूच होत नाही. यावर गावाकडे काही वायरमन एक ‘तोडगा’ काढून देतात. न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून टाकतात, किंवा तसं तयार अडॅप्टरच देतात. चार्जर फसतो आणि लाल दिवा जातो. पण त्यानंतर न्यूट्रल तुटला किंवा फेज उलटसुलट झाला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते. हाताशी पोरं खेळत असतात. दोन हजार रुपयांत अर्थिंगचा खड्डा होत असेल तर तो करा.

घाट उतरताना बॅटरी भरते म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण बॅटरीत जागा असली तर. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना साडेपाचशे-सहाशे मीटर खाली येतो आपण. दीड टनाच्या गाडीत तेवढ्या उंचीमुळे सव्वादोन युनिटांच्या आसपास ऊर्जा साठलेली असते. टायरचं घर्षण, हवा आणि मोटरमधलं नुकसान वजा जाता एखादं युनिट बॅटरीत परत येतं. म्हणजे सहा-सात किलोमीटर फुकट, आणि ब्रेकचे पॅड वाचतात ते वेगळेच.

नवे लोक हॉटेलात रात्रभर लावून शंभर करतात आणि सकाळी घाट उतरतात. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागाच नसते, म्हणून ब्रेकिंगमधून मिळणारी वीज गाडी बंद ठेवते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर रोज जशी गाडी आवरते तशी आवरत नाही, आणि पहिल्या वळणावर पोटात गोळा येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर ८५-९० ला थांबा.

गाडी घेतली तेव्हा २२० किलोमीटर जायची, आता १८५ दाखवते. बॅटरी गेली का?

बहुतेक वेळा नाही. स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा म्हणजे तुम्ही गेल्या काही दिवसांत कशी चालवलीत त्यावरून गाडीने बांधलेला अंदाज. आठवडाभर एक्सप्रेसवेवर फिरलात तर तो खाली येतो, गल्लीबोळात फिरलात तर वर जातो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टायरमधली हवा पाच-सहा पीएसआयने उतरली तरी फरक पडतो.

एसीचा हिशेब तर गमतीशीर आहे. कडक उन्हात एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो. मोकळ्या रस्त्यावर त्या तासात साठ किलोमीटर होतात, म्हणून ते जाणवत नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासात वीस किलोमीटरही झाले तर नशीब. तेवढं अंतर कापायला अडीच युनिटं आणि एसीला सव्वा. म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा नुसत्या गारव्याचा. मे महिन्यात तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी म्हणतो, नोव्हेंबरमध्ये पुन्हा बघा.

खरी घट होतेच, पण सावकाश. जिओटॅब या कॅनडाच्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२० मध्ये वर्षाला सरासरी २.३ टक्के घट काढली होती. २०२४ मध्ये तोच आकडा १.८ टक्के आला. सुरुवातीच्या काळात थोडी झपाट्याने घसरण होते आणि मग ती मंदावते. त्यामुळे पहिल्याच वर्षी तीन-चार टक्के गेले म्हणून कपाळाला हात लावू नका.

बॅटरी किती शिल्लक आहे, हे घरी मोजता येईल का?

येईल, शाळेतलं गणित पुरतं. चार्जिंगच्या लाइनवर साधा युनिट मोजणारा सबमीटर बसवा. गाडी २० टक्क्यांवर असताना लावा आणि शंभर होऊन थांबेपर्यंत लावून ठेवा.

माझा यंदाचा हिशेब असा. मीटरवर २५.४ युनिटं पडली. चार्जरमध्ये आणि उष्णतेत साधारण १२ टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत गेली २२.४. ही ८० टक्क्यांची, तर शंभर टक्क्यांची २८ च्या जवळ. नवी असताना बॅटरी ३०.२ ची होती. म्हणजे पाच वर्षांनी ९२-९३ टक्के शिल्लक. दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरा. दर वर्षी एकाच महिन्यात, त्याच पद्धतीने मोजून वहीत लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा पाच वर्षांची रांग जास्त सांगते. अचूक हवं असेल तर सर्व्हिसच्या वेळी बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल, म्हणजे ‘एसओएच’, छापून मागा. काही ठिकाणी टाळाटाळ करतात, तेव्हा लेखी मागा.

महिनाभर परदेशी मुलाकडे जातोय. गाडीचं काय करू?

५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत लावा, चार्जिंगची वायर काढून ठेवा. मोठी बॅटरी महिन्यात फार तर थोडे टक्के उतरेल. झोपते ती छोटी, १२ व्होल्टची. दिवे, कुलपं, कॉम्प्युटर जागे करण्याचं काम तिचं. ती गेली तर मोठी बॅटरी तुडुंब भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. आमच्या मजल्यावरचे काका सहा आठवड्यांनी परतले आणि ‘तीस हजार किलोमीटरला बॅटरी गेली’ म्हणून रडवेले झाले होते. काही हजारांच्या छोट्या बॅटरीवर काम भागलं.

म्हणून पुस्तिकेत पाहून १२ व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, किंवा कुणाला तरी आठवड्याला अर्धा तास गाडी चालू करून ठेवायला सांगा. चालू असताना मोठी बॅटरी छोटीला भरते. तीन-चार वर्षांनी ही छोटी बॅटरी मरायच्या आधीच बदलून टाका. आणि कुणाच्या पेट्रोल गाडीला जंपस्टार्ट द्यायला आपली गाडी कधीही जोडू नका, कितीही जवळचा माणूस असो.

स्पीडब्रेकरला खाली घासली तर?

आवाज झाला तर त्याच दिवशी गॅरेजमध्ये गाडी वर उचलून पोट बघा. खरचटलं असेल तर फोटो काढून ठेवा. पोचा आला असेल, कूलंटचे थेंब दिसत असतील किंवा स्क्रीनवर उच्च दाबाच्या यंत्रणेचा इशारा आला असेल तर चार्जिंगला न लावता सर्व्हिस सेंटरला न्या. गावात स्वयंभू स्पीडब्रेकर पुष्कळ. चार माणसं आणि सामान असेल तर तिरकी घालून, एकेक चाक चढवून उतरा.

उंदीर वायर कुरतडतात, काही उपाय?

नारिंगी वायर कुरतडली गेली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गाडीत खाऊचे कण नकोत आणि पार्किंगमध्ये कचऱ्याचा डबा शेजारी नको. बरेच दिवस उभी असेल तर बोनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा. तंबाखूची पुडी ठेवणारे आहेत. माझ्याकडच्या उंदरांनी तिची दखल घेतली नाही. पिंजराच कामी आला.

वॉरंटीत काय बघायचं? जुनी गाडी घेताना?

आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही आपल्याकडची रूढ वॉरंटी. काही कंपन्या आता ‘आजीवन’ म्हणतात. ते वाचताना दोन ओळी शोधा. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळते, आणि ही सवलत फक्त पहिल्या मालकाला आहे का. दुसऱ्या ओळीवर जुन्या गाडीचा अर्धा भाव ठरतो.

जुनी घेताना एसओएचचा छापील अहवाल आणि सर्व्हिसच्या नोंदी मागा. नंबरप्लेट बघा. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने चालली आहे, आणि ती बहुधा फास्ट चार्जरवरच वाढली आहे. पाटी बदलून घेतलेली असू शकते, म्हणून आरसीचा इतिहासही बघा. मग शंभर टक्के चार्ज करून मालकाला शेजारी बसवा आणि शंभर किलोमीटर फिरवून आणा. त्याला वेळ नसेल तर दुसरी गाडी बघा.

बॅटरी संपली की भंगारवाल्याला द्यायची?

नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकाची आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या आणि पोचपावती घ्या. ७० टक्के क्षमतेची बॅटरी गाडीला अपुरी पडते, पण सौर पॅनेलची वीज साठवायला तिच्यात पुष्कळ जीव असतो. घरच्या घरी फोडून इन्व्हर्टरला जोडून देतो म्हणणारे भेटतील. तीनशे व्होल्टच्या वर असलेला तो डबा आहे, त्यांच्या हाती देऊ नका.